बाबांच्या अपघातानंतर ‘क्लेम मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. काय करावं?

पालयेची_लेक

नमस्कार. आमचं घर पेडणे तालुक्यात. बाबा शिंपी आहेत, वय ५४, पेडण्याच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात धारगळला हायवेवर एका रेंट-अ-कारने त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं. काळी नंबरप्लेट, पिवळी अक्षरं, आत फिरायला आलेली मंडळी. गाडी थांबली, पोलीस आले, पंचनामा झाला, एफआयआर आहे. बाबांच्या उजव्या पायाच्या नळीचं हाड मोडलं, आत रॉड घातला. आता घरी आहेत, वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात.

डिस्चार्ज मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला माणूस म्हणाला, इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटमधून बोलतोय. दुसरी बाई म्हणाली, वकीलसाहेबांच्या ऑफिसातून. सगळे हिंदीत बोलतात आणि प्रत्येक वेळी नंबर वेगळा असतो. बाबांचं पूर्ण नाव, स्कूटरचा नंबर, एफआयआर कुठल्या पोलीस स्टेशनात आहे, सगळं त्यांना पाठ. बारा लाख नक्की मिळवून देतो म्हणतात, तीस टक्के त्यांचे. आधार, पासबुक, डिस्चार्ज कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवायचं, वकीलपत्रावर सही करायची आणि सही केलेला एक कोरा चेक द्यायचा. नाही म्हटलं की आवाज बदलतो. ‘सहा महिने संपले की एक पैसा मिळणार नाही, मग आमच्याकडे येऊ नका.’

फोन दुकानाच्या नंबरवर येतात, कारण एफआयआरमध्ये तोच नंबर दिला होता. तो बंद करता येत नाही, गिऱ्हाइकं त्याच्यावरच फोन करतात. मी कामाला पणजीला जाते, भाऊ जहाजावर आहे, दिवसभर फोन आई घेते. तिला हिंदी जेमतेम समजतं. ‘लास्ट डेट’ ऐकलं की घाबरते आणि संध्याकाळी मी घरी आल्याआल्या म्हणते, देऊन टाक कागद. बाबा गप्प असतात. दुकान बंद आहे आणि घरात पैसा येत नाही हे त्यांना डाचतं, हे मला कळतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे फोन बंद कसे करायचे? आमची माहिती त्यांना कुठून मिळाली? आणि सहा महिन्यांचं ते सांगतात ते खरं आहे का?

म्हापसेकर_९

ताई, फोनपुरतं मी सांगतो. दुकानाच्या नंबरवरून १९०९ ला एसएमएस करून किंवा फोन करून डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे कॉल रोखायची नोंदणी) चालू करा. ‘ट्राय डीएनडी’ नावाचं ॲप आहे, त्यातून तक्रार करणं जास्त सोपं पडतं. फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि तो काय बोलला हे दोन ओळींत लिहायचं. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करायला हवी. पूर्वी तीनच दिवस मिळायचे, २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलले. आधी डीएनडी केलेलं नसलं तरी अशा नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार घेतात.

साध्या दहा आकडी मोबाईलवरून कोणी धंद्याचे फोन करू शकत नाही. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे. साध्या नंबरवरून ‘इन्शुरन्स कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तिथेच ओळखा. खोटी ओळख सांगितली असेल तर सरकारच्या ‘संचार साथी’ साइटवर संशयास्पद फोन कळवायला ‘चक्षू’ आहे, तिथेही टाका. आणि ‘फाइल चार्ज’ म्हणून यूपीआयवर पैसे किंवा ओटीपी मागितला, तर ती सरळ फसवणूक. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

जुना_शिरस्तेदार (फोंडा)

बाय, तुझा प्रश्न वाचला आणि मला रात्री झोप येईना, म्हणून सकाळी उठून सविस्तर लिहितोय. नोकरीची बरीचशी वर्षं मी कोर्टात काढली आणि त्यातली बरीच अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर. मी वकील नाही. पण ह्या फायली हातातून गेल्या आहेत आणि त्यांच्या मागची माणसं समोर बाकावर बसलेली पाहिली आहेत.

आधी एक सांग. ह्या फोनवाल्यांपैकी एकाने तरी विचारलं का, की तुझे बाबा काम काय करतात?

माझा अंदाज आहे, नाही विचारलं. आणि तिथेच कळतं की बारा लाखांचा आकडा हवेतला आहे. जखमी माणसाची भरपाई ठरवताना ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण, पाहतं की त्याचं वय काय, कमाई किती आणि ह्या दुखापतीमुळे त्याच्या त्या कामावर किती परिणाम झाला. वयावरून गुणक ठरतो, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं तो आकडा. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा निकालात तो तक्ता दिला आहे, ५१ ते ५५ वयाला गुणक ११. समज, बाबांची कमाई महिन्याला १५,००० धरली. वर्षाचे १,८०,०००, गुणिले ११, म्हणजे १९,८०,०००. त्यांची कमावण्याची ताकद दहा टक्के गेली असं ठरलं तर ह्या सदराखाली १,९८,००० होतात. पंचवीस टक्के ठरलं तर ४,९५,०००. त्यावर औषधपाणी, घरी बसून बुडालेली कमाई, वेदनांची रक्कम, वर व्याज. पुढच्या काळात कमाई वाढली असती त्याचाही काही भाग धरतात. म्हणून सगळं ह्या टक्क्यांवर येऊन थांबतं.

आता हे टक्के म्हणजे डॉक्टर दाखल्यावर पायाचं अपंगत्व लिहून देतो तेच, असं लोकांना वाटतं. तसं नाही. २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल आहे, त्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अवयवाचं अपंगत्व वेगळं आणि कमावण्याच्या ताकदीचं नुकसान वेगळं. एकच जखम बँकेत बसून काम करणाऱ्याला कमी बाधते आणि दुसऱ्या माणसाला पार बसवून ठेवते. शिंप्याचा उजवा पाय! मशीन पायाने चालवतात की मोटर बसवली आहे? मोटरच्या मशीनलाही पॅडल पायानेच दाबावं लागतं. तास तास पाय खाली सोडून बसवेल का? कटिंगसाठी टेबलाशी उभं राहवेल का? हे कागदावर यायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कोणी आणणार नाही. दुरून फोनवर बोलणारा एजंट तर नाहीच नाही.

म्हणून आजच बस आणि दुकानाच्या ऑर्डरच्या वह्या शोध. मापांची वही, उधारीची वही, काय असेल ते. जूनमधले शाळांचे युनिफॉर्म आणि चवथीच्या आधीची शिलाई हा शिंप्याचा खरा मोसम, ती मागच्या दोन-तीन वर्षांची पानं जपून ठेव. कापड, दोरा, अस्तर घेतल्याची बिलं ठेव. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना असेल तर त्याची प्रत काढ. नेहमीची दोन गिऱ्हाइकं साक्षीला तयार आहेत का विचार. कमाईचा कागद नसला की ट्रिब्युनलला अंदाजाने आकडा धरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा माणसाच्या खऱ्या कमाईपेक्षा खाली राहतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटलाय.

आता तुझे प्रश्न.

माहिती कुठून गेली? नेमकं कोणी दिलं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार नाजूक गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर चढवावे लागतात. आरोपीला आपल्यावर काय दाखल झालंय हे कळावं म्हणून केलेली ती चांगली सोय आहे. पण अपघाताचे एफआयआर शोधत बसणाऱ्यालाही ते दिसतात. त्यामुळे स्कूटरचा नंबर आणि पोलीस स्टेशन माहीत असणं म्हणजे हा माणूस सरकारी किंवा कंपनीचा, असं आईने मानू नये. तिला एवढं एकच समजावून सांग.

सहा महिन्यांचं म्हणशील तर अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं आहे म्हणूनच ते माणसाला घाबरवतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) मध्ये दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्या मुदतीलाच आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की तो निकाल लागेपर्यंत ट्रिब्युनलांनी निव्वळ उशिराच्या कारणाने दावे फेटाळू नयेत. तरी तू त्यावर विसंबू नकोस, मुदतीतच उरकून घे.

पण फोनवाला जे सांगत नाही ते ह्याहून मोठं आहे. दावा सुरू करायला एजंट लागतच नाही. त्याच १ एप्रिल २०२२ पासून नियम आहे की अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांच्या आत ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला द्यायचा. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म दोन दहा दिवसांत द्यायचा. आणि सविस्तर अहवाल, ज्याला ‘डार’ म्हणतात, तो ९० दिवसांत ट्रिब्युनलकडे जायचा. पोलिसांनी पाठवलेला हा अहवालच ट्रिब्युनलने भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा, असं कलम १६६(४) सांगतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मदच्या निकालात हे सगळं पाळायचे निर्देश दिले आहेत. तेव्हा उद्या पोलीस स्टेशनात जा, तपास अधिकाऱ्याला भेट आणि विचार: फॉर्म दोन कुठे आहे, फॉर्म सहा कधी भरून घेणार, डार पाठवला का. फॉर्म सहा म्हणजे जखमीची माहिती, बाबांचा धंदा आणि कमाई तिथेच लिहायची असते. डारची प्रत मागून घे. ती तुमचा हक्क आहे.

डार गेला की विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपला निर्णय कळवायचा असतो. ते रक्कम देऊ करतील. इथे घाई करू नकोस. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख ठरलेले आहेत. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच. घरात पैसा नसताना अडीच लाख समोर आले की हात पुढे होतो. पण ते त्या पद्धतीने स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे वर हिशेब केला त्या भरपाईचा, दावा संपतो. बाबांना आधी किती बरं वाटतंय, मशीनवर बसता येतंय का, हे पाहिल्याशिवाय सही नको. टक्केवारीवर काम करणाऱ्याला मात्र लवकर मिळालेले अडीच लाखच बरे, कारण त्याचा वाटा लवकर हातात येतो.

आणि तीस टक्क्यांबद्दल. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दलाल नेमून, फोन करवून पक्षकार गोळा करणंही बसत नाही. जो खरा वकील असेल त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक माग. दिला तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. बहुतेक वेळा फोन तिथेच कट होतो.

कोरा चेक कोणालाही, कधीही देऊ नका. सत्तरी तालुक्यातल्या एका बाईचा नवरा ट्रकखाली गेला होता. तिला एजंटने स्वतः नेऊन नवीन खातं उघडून दिलं, पासबुक आणि सही केलेले चेक आपल्याजवळ ठेवले. पैसे जमा झाले ते तिला कळलं तोवर खातं जवळजवळ रिकामं. ती कोर्टात माझ्या टेबलाशी येऊन विचारत होती, ‘साहेब, अजून ऑर्डर झाली नाही काय?’ ऑर्डर होऊन कितीतरी दिवस उलटले होते. ऑर्डर माझ्या समोरच्या फायलीत होती आणि ती मला वाचून दाखवावी लागली. आता २०२५ पासून सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जावी. म्हणूनच एजंटांना आता पासबुक आणि चेक आधी हवे असतात. बाबांचं जे जुनं खातं आहे तेच द्या.

वकील हवा असेल तर पक्षकाराने स्वतः शोधावा, फी लेखी ठरवावी. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास.

स्विंडन_ते_डिचोली

मी मूळ डिचोलीचा, इंग्लंडात स्विंडनला राहतो. इथे हे फोन इतके यायचे की घरातली पोरं त्या वाक्याची नक्कल करायची: ‘गेल्या तीन वर्षांत तुमचा अपघात झाला आहे अशी आमच्याकडे नोंद आहे.’ तीन वर्षंच का, तर इथे दुखापतीच्या दाव्याची मुदत साधारण तेवढी. नोंद वगैरे काही नसते, हजारांना तेच सांगायचं, एखादा तरी खरंच कुठेतरी आपटलेला निघतो. ८ सप्टेंबर २०१८ पासून क्लेम कंपन्यांनी तुमच्या संमतीशिवाय असे फोन करायला इथे बंदी आहे आणि तक्रार माहिती आयुक्तांच्या ऑफिसकडे जाते. फोन कमी झाले, संपले नाहीत.

पालयेच्या ताईंना सांगायचं ते एवढंच, की फोनवर ‘हो’ म्हणू नका, ‘थोडं दुखतंय’ एवढंही सांगू नका. इथे माझ्या एका शेजाऱ्याने एकाला सांगितलं आणि मग पाच जण फोन करू लागले, कारण ‘इथे खरा अपघात आहे’ ही माहिती पुढे विकली गेली. आईंना सांगा, न बोलता फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा नाही. आपल्या आयांना हे फार जड जातं.

पालयेची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही म्हणालात तेच. एकानेही बाबांचं काम विचारलं नव्हतं.

मी अर्धा दिवस रजा काढून पोलीस स्टेशनात गेले. तपास अधिकाऱ्याने आधी ‘येईल येईल’ केलं. मी फॉर्म दोन आणि फॉर्म सहा असं नाव घेऊन विचारल्यावर त्यांनी फाइल काढली. पहिला अहवाल गेलेला आहे, फॉर्म सहा त्यांनी माझ्याकडे दिला, बाबांची सही घेऊन परत द्यायचा आहे. गाडीच्या मालकाचं आणि विमा कंपनीचं नाव त्या कागदात दिसलं. म्हणजे इतके दिवस ‘आम्ही तुमची इन्शुरन्स कंपनी’ म्हणणारे त्या कंपनीचे नव्हतेच, ते भलतंच नाव घेत होते.

फोनचं म्हणाल तर म्हापसेकरभाऊंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नंबरची तक्रार टाकतेय. आईसाठी फोनशेजारी मराठीत कागद चिकटवलाय: ‘नाव आणि वकिलाचा नोंदणी क्रमांक सांगा. आम्ही कागद पाठवत नाही.’ काल तिने स्वतः वाचून दाखवलं आणि समोरच्याने फोन ठेवला. आज एक माणूस स्कूटरवरून घरीच आला, हातात वकीलपत्राचे छापील कागद. बाबा बाहेर ओटीवर बसले होते. त्यांनीच सांगितलं, ‘माझी पोर बघते सगळं, तू जा.’ अपघातानंतर बाबा इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले.

आता दोन नवे प्रश्न. त्या माणसाने जाताना सांगितलं की सरकारची दीड लाखाची योजना आहे, ती मी तुम्हाला रोख मिळवून देतो. हे काय आहे? आणि रेंट-अ-कारच्या मालकाचाही निरोप आलाय, तीस हजार घ्या आणि मिटवून टाका.

जुना_शिरस्तेदार (फोंडा)

शाब्बास बाय. बाबांनाही माझा नमस्कार सांग.

दीड लाखाची योजना खरी आहे, मे २०२५ मध्ये केंद्राने काढली. पण ती कॅशलेस उपचारांची आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंतच्या उपचारांचे दीड लाखांपर्यंतचे पैसे हॉस्पिटलला मिळतात, जखमीच्या हातात रोख काही येत नाही. बाबा केव्हाच घरी आलेत, आता ती रोख मिळवून देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. (गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर वेगळी योजना असते, गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख. तुमच्याकडे गाडीही आहे आणि विमाही, तेव्हा ती तुम्हाला लागू नाही.)

मालकाचे तीस हजार घेऊ नका. निदान ‘आमची काही तक्रार नाही, सर्व मिटलं’ असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर बाबांनी सही करू नये. विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे ट्रिब्युनलसमोर ठेवील. मालकाला माणुसकीने मदत करायची असेल तर त्याने बँकेतून पाठवावी आणि ती उपचारांसाठी म्हणून पाठवावी, ते नोंदीत राहील. त्याच्याशी भांडू नकोस, गाडी तो चालवत नव्हता. पण त्याच्या पॉलिसीची प्रत, भाड्याच्या कराराची प्रत आणि चालकाच्या लायसन्सची प्रत पोलिसांकडे आली आहे का ते विचार. चालकाने भरायचा फॉर्म तीन आणि मालकाने भरायचा फॉर्म चार असतो, त्यांना ३० दिवसांची मुदत असते, आणि लायसन्सचा काही घोळ निघाला तर विमा कंपनी पहिला हात तिथेच घालते.

फॉर्म सहा भरताना ‘धंदा’ ह्या रकान्यात नुसतं ‘स्वयंरोजगार’ लिहू नकोस. ‘शिंपी, शिलाई मशीनवर काम, स्वतःचं दुकान’ असं लिही. भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेव आणि पोलिसांकडून पोच घे. वह्या सापडल्या का?

पालयेची_लेक

सापडल्या काका. मापांच्या वह्या आईने कपाटावरच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, चार वर्षांच्या आहेत, चवथीच्या महिन्याची पानं तर दोन्ही बाजूंनी भरलेली. मशीनला मोटर नाही, पायाचीच आहे. उद्या फॉर्म देऊन पोच घेते आणि १५१०० ला फोन करते.